मंजुश्रीला सगळ्याची किळस येते

उदगीरच्या आमच्या गल्लीतून डॉक्टर व्हायला निघालेली पोरं पुष्कळ, पण दुसऱ्याचा उष्टा पेला नुसता बघूनच जिला उमळून येतं अशी त्यांत एकच. मंजुश्री. डाळमिलवाल्या शरणप्पांची धाकटी. बाप आयुष्यभर मूग-उडदाच्या पोत्यांत कोपरापर्यंत हात घालत आला, आणि ही पोरगी गोदामाच्या दारात नाकाला ओढणी लावून उभी राहायची. आत पाऊल टाकायची नाही. आत उंदराच्या लेंड्या असतात, म्हणायची. असायच्या, खोटं कशाला बोलू. पण त्या लेंड्यांच्या साक्षीनंच हे घर दुमजली झालं, असं मी एकदा बोलून गेलो तर तिनं समोरचं ताट बाजूला सारलं आणि दिवसभर माझ्याशी अबोला धरला.

बारावीनंतर लातूरला क्लास लावला तेव्हा मी तिला म्हणालो, "मंजे, तू डॉक्टर झालीस की पेशंटला आधी आंघोळ करून या म्हणशील."

"सगळ्यांना नाही काका," ती म्हणाली. "तुम्हाला म्हणीन."

तर अशी जीभ. मार्क मात्र जिभेएवढे पडले नाहीत. लातूरला प्रवेशपरीक्षेला दोनदा बसली, दोनदा थोडक्यात हुकली. मग नांदेडहून पोरापोरींची एक तुकडी फिलिपिन्सला डॉक्टरकी शिकायला निघाली होती, तिच्यात शरणप्पांनी हिचं नाव घातलं. गाव दावाव. समुद्राकाठी, बारा महिने उकाडा, बारा महिने पाऊस, परसात केळी. नीलाबाईंनी, म्हणजे मंजूच्या आईनं, एवढं सगळं ऐकून एकच विचारलं, "तिथं स्वच्छ असतंय का?" तुकडी नेणारा एजंट म्हणाला, एकदम स्वच्छ. रस्ते खरंच स्वच्छ असतील. रस्त्यावर कोण राहतंय.

आता पुढचं कळायला या घरची एक रीत सांगितली पाहिजे. शरणप्पांच्या घरात कुणी जीव मारत नाही. गळ्यात लिंग आहे, हातानं जीव घेऊ नये, असं ते सांगतात, आणि सांगताना चेहरा इतका सात्त्विक करतात की ऐकणाऱ्याला आपण कालच एक डास मारल्याचं आठवून शरम वाटावी. गोदामातल्या मालाला मात्र ते औषध टाकतात. वरून ताडपत्री पांघरली की आत किती जीव जातात त्याला गणती नाही, पण त्याला मारणं म्हणायचं नाही, माल राखणं म्हणायचं. त्यातूनही एक पोतं आधीच बाजूला काढलेलं असतं. घरचं. त्याला औषधाचा वासही लागू द्यायचा नाही. गिऱ्हाइकाला औषधाचा माल आणि लेकराबाळांना बिनऔषधाचा, ही त्यांच्या घरातली माया. नीलाबाई तो माल बोटांनी निवडतात, मांजरपाटाच्या पिशवीत भरतात आणि लेकीबाळींना धाडतात.

दावावला मंजू आणि तिघी पोरी एका लाकडी घराच्या वरच्या मजल्यावर राहू लागल्या. खाली घरमालकीण. नाव लुझ, पण सगळे तिला नानाय म्हणायचे, म्हणजे तिकडची आई. बुटकी, पिकलेल्या केसांची, दारातच किराण्याचं छोटं दुकान मांडून बसणारी. वरच्या पोरींमध्ये मंजूची गट्टी जमली ती भोकरच्या ऋतुजाशी. शेतकऱ्याची पोर, हातात सदा चप्पल. पायात कमी, हातात जास्ती.

इकडे संध्याकाळी मिल बंद झाली की गादीवर आम्ही जमायचो. शरणप्पा, धान्याचे दलाल किशनराव आणि मी. आतल्या दाराशी नीलाबाई. मोबाइल तक्क्याला टेकवून ठेवायचा आणि दावावला फोन लावायचा. सगळी गल्ली टीव्हीवर मालिका बघायची, आम्ही मंजुश्री बघायचो.

पहिल्याच आठवड्यात तिचा चेहरा कागदासारखा पांढरा.

"अप्पा, झुरळ आहे."

"असू दे की गं. झुरळ कुठं नसतंय."

"ब्रशवर होतं. दात घासायच्या. मिशा हलवून राहिलं होतं. मी अंधारात तोंडात घालणारच होते."

किशनरावांनी हातातलं पान परत डब्यात ठेवलं.

"हाकलून द्यायचं," शरणप्पा म्हणाले.

"हाकललं. ते उडालं. अप्पा, इथली झुरळं उडतात. माझ्या केसांत येऊन बसलं. पाय चिकट असतात त्याचे, केसांतून निघत नव्हतं."

मागून ऋतुजाचा आवाज आला, "मारलं की म्या, काका. चपलीनं. पण ही जास्त वरडली. पांढरं निघतंय ना त्याच्या पोटातनं, साईसारखं, ते हिच्या उशीवर उडालं."

साय या शब्दावर नीलाबाई आत निघून गेल्या. त्या रात्री शरणप्पांच्या घरी दुधाला कुणी हात लावला नाही, हे मला त्यांच्या मोलकरणीनं सांगितलं.

मग रोजच नवं काहीतरी. मुंग्या लॅपटॉपमध्ये शिरल्या, बटण दाबलं की कडेनं बाहेर यायच्या. बाथरूमच्या मोरीतून बोटाएवढी घोण निघाली, लालभडक पायांची, आणि मंजू अंगाला साबण तसाच ठेवून बाहेर पळाली. साबण अंगावरच वाळला, म्हणे, पण आत परत गेली नाही. पावसात चपलेत गोगलगाय बसलेली, हिनं न बघता पाय घातला. ते बोटांच्या बेचक्यातलं बुळबुळीत तिनं आम्हाला इतकं नीट समजावून सांगितलं की मलाच माझे पाय धुवावेसे वाटले. एकदा संडासाच्या भांड्यात बेडूक. झाकण उघडलं तर आत शांतपणे बसलेला, वर बघत. तिनं पाणी सोडलं. तो गोल फिरला आणि परत तिथंच बसला. त्या दिवशी ती कॉलेजात गेली आणि दिवसभर तिथलाच संडास वापरत राहिली.

पण सगळ्यांत वाईट म्हणजे छतातला उंदीर. पत्रा आणि फळ्या यांच्यामध्ये कुठंतरी मेला. आधी वास. गोडसर वास, ती म्हणाली, आणि तो गोड होता याचीच तिला जास्त किळस. उदबत्त्या लावल्या तर उदबत्तीचा आणि उंदराचा मिळून तिसराच वास झाला. मग फळीच्या फटीतून एकेक अळी खाली पडू लागली. टप्पकन नाही पडत, म्हणाली, आवाजच येत नाही. पुस्तक वाचताना पानावर एक भात दिसतो आणि तो चालायला लागतो.

"बाई, बस कर," किशनराव म्हणाले. "आमच्या घरी आज शेवयाची खीर आहे."

ऋतुजानं टेबलावर खुर्ची ठेवून फळी उचकटली आणि कागदात गुंडाळून तो उंदीर काढला. शेपटी सुटून हातात आली, हे तिनं मोठ्या कौतुकानं सांगितलं. मंजू तेव्हा खाली रस्त्यावर उभी होती, पावसात, छत्री न घेता.

हे सगळं मी रंगवून सांगतो म्हणून तिला भित्री समजू नका. एक गोष्ट मात्र अशी घडली की मीसुद्धा तिला मानलं. सकाळी आंघोळ करून ती लिंगपूजेला बसायची. जमिनीचा भरवसा नाही म्हणून पलंगावर. डाव्या तळहातावर लिंग, कपाळाला विभूती, नजर लिंगावर. एक दिवस वरून पाल पडली. आपल्याकडची पाल नव्हे. तिकडे एक असते, हातभर लांब, निळसर, अंगावर लाल ठिपके, आणि ती ओरडते. ती थेट खांद्यावर. थंडगार पोट, नख्या कुडत्यातून आत. पण लिंग तळहातावर असताना हात हलवायचा नाही, असं तिला लहानपणापासून शिकवलेलं. ती हलली नाही. पूजा संपवली, लिंग वस्त्रात बांधून गळ्यात घातलं, आणि मगच ओरडली. ऋतुजा सांगते, नानाय खालून विळा घेऊन वर आली, तिला वाटलं कुणाचा खून झाला.

संध्याकाळी ती हे रडत सांगत होती तर नीलाबाईंनी मधेच विचारलं, "कुठल्या खांद्यावर पडली गं? उजव्या का डाव्या?"

"अव्वा, मी काय सांगून राहिले आणि तू काय विचारून राहिलीस?"

"सांग तरी."

"डाव्या."

नीलाबाईंनी पंचांग काढलं. त्यात पाल अंगावर कुठं पडली तर काय फळ, त्याचं कोष्टक असतं. बोट फिरवून म्हणाल्या, "चांगलं आहे. लाभ आहे."

मी म्हणालो, "वहिनी, पंचांग करणाऱ्यानं बोटभर पाल धरून हिशेब केलाय. हातभर पालीला लाभ पण हातभर यायला पाहिजे."

मंजूनं फोन ठेवून दिला. माझ्यामुळं.

दिवाळी झाली. नवे मूग निघाले होते, हिरवेगार, हातात घेतले तर निसटावेत असे. नीलाबाईंनी घरच्या पोत्यातले निवडून मांजरपाटाची मोठी पिशवी भरली, तोंड शिवलं आणि नांदेडच्या एका पोरीबरोबर दावावला पाठवली. पोरगी वाळून गेली आहे, उसळ करून खाईल. शरणप्पांनी वरचे दाणे हातात घेऊन उजेडाला धरले आणि म्हणाले, "असा माल तिकडं कुणी बघितला नसंल."

पिशवी पोचली. मंजू रोज सांगायची, "हाव अव्वा, खाते. कालच उसळ केली." खोटं. तिनं पिशवी उघडलीच नव्हती. चौघींत मिळून एकच कढई, आणि त्या कढईत ऋतुजा अंडी करायची, तिसरी मासे तळायची. घासली तरी कडेला खवले चिकटलेले असतात, असं मंजूचं म्हणणं. तिनं त्या स्वयंपाकघरात पाय ठेवणं सोडलं होतं. पाव आणि केळी, केळी आणि पाव. मुगाची पिशवी पलंगाखाली भिंतीला लावून ठेवली आणि तिकडे बघितलं नाही. आईनं एवढ्या मायेनं पाठवलेलं आपण खात नाही, याची लाज वाटायची म्हणून बघितलं नाही.

उन्हाळा नाही, हिवाळा नाही, अशा त्या उबेत काही आठवडे गेले. मग फोनवर नवीन तक्रार सुरू झाली.

"अप्पा, आता बारीक किडे आलेत. तपकिरी. पांघरुणात असतात. कानात गेला एक."

"चावतात का?"

"चावत नाहीत. पण आहेत. ॲप्रनवर, वह्यांत, विभूतीच्या डबीत. चहात पडतात. बोट लावलं की पाय आखडून मेल्याचं सोंग घेतात आणि बोट काढलं की चालायला लागतात. मला असले ढोंगी किडे बघवत नाहीत."

"तो देशच किड्यांचा आहे," शरणप्पा म्हणाले. "आपल्याकडं असलं काही नसतंय."

मोबाइलवर एवढासा किडा दिसतोय कुठं. तिनं कॅमेऱ्यासमोर धरला की नुसता धुरकट ठिपका. आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या आणि फिलिपिन्सला शिव्या घातल्या. किशनराव म्हणाले, समुद्राच्या हवेत असले जीव आपोआप तयार होतात. मीही दोन गोष्टी माझ्या घातल्या, उगीच कशाला लपवू.

वरच्या मजल्याच्या फळ्यांमध्ये फटी होत्या आणि खाली नानायचं दुकान. तिकडे दर शुक्रवारी घरोघरी मूग शिजवतात, तशी त्यांची पद्धत आहे. म्हणून नानायकडे मुगाचं पोतं कायम उघडं ठेवलेलं. एका शुक्रवारी एक गिऱ्हाईक बाई शिजवायला घेतलेले मूग परत घेऊन आली. पाण्यात टाकल्यावर अर्धे दाणे वर तरंगले आणि त्यांच्यातून पाय बाहेर आले, असं म्हणत तिनं ती वाटी नानायच्या टेबलावर उपडी केली. गिऱ्हाइकांच्या देखत.

नानाय तडक वर आली. हातात झाडू. चौघींना उभं केलं.

"माझ्या दुकानात किडा नव्हता. तुमच्या खोलीच्या बरोबर खाली पोतं आहे. हे वरून पडतात. रविवारपर्यंत खोली रिकामी करा."

मंजूला त्यात सुटका दिसली. तिनं त्याच संध्याकाळी फोन केला आणि सरळ सांगितलं, मी परत येते. मला नाही राहायचं. दुसरी खोली घेतली तरी तिथंही हेच असणार. अप्पा, मी तिथं येऊन काहीही शिकते, पण मला इथून काढा.

शरणप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. या पोरीसाठी त्यांनी अख्ख्या बाजारात सांगून ठेवलं होतं की आमच्यात पहिली डॉक्टर येणार. पण आतल्या दाराशी नीलाबाई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या, आणि पोरगी तिकडे रडून रडून उचक्या देत होती.

"ये बाई," ते म्हणाले. "जीवापेक्षा डॉक्टरकी मोठी न्हाई. लातूरला बीएस्सी कर. मी उद्याच तिकिटाचं बघतो."

दुसऱ्या दिवशी मंजू सामान भरायला बसली. कपडे झाले, पुस्तकं झाली. पलंगाखालून मुगाची पिशवी ओढली आणि हात मागे घेतला. पिशवी गरम होती. ताप आलेल्या माणसाचं अंग लागावं तशी. आणि हलकी. एवढे मूग पाठवलेले, ती फुलासारखी उचलली गेली. मांजरपाट सगळं टाचणीनं टोचल्यासारखं भोकाभोकांचं, आणि कान जवळ नेला तर आतून सळसळ येत होती, बारीक, सारखी, कोणीतरी कागद चुरगाळत बसल्यासारखी.

हे तिनं मला नंतर सांगितलं तेव्हा मी तिला म्हणालो, तिथंच फेकून द्यायची. ती म्हणाली, हात सुटतच नव्हता.

शिवण उसवली. आत मूग नव्हते. टरफलं होती, प्रत्येकाला गोल भोक, जणू कोणी मापून पाडलेलं. खाली पिवळट पीठ, घामट वासाचं. आणि त्यावर ते. एकावर एक, थरच्या थर, वरचे खालच्यांवर चढलेले, सगळं मिळून एकच अंग असल्यासारखं हलणारं. उजेड पडताच पिशवीच्या तोंडातून तिच्या मनगटावर आले, बाहीत शिरले, कोपरापर्यंत. ऋतुजा चप्पल घेऊन धावली आणि मधेच थांबली. मारायचं कुठं, हे तिलाही कळेना.

मंजू ओरडली नाही. तिनं हात झटकला, पिशवीचं तोंड पिळून धरलं आणि मोरीत जाऊन ओकली. मग तोंड धुऊन परत आली आणि टरफलांत उरलेला एक शाबूत दाणा उचलून उजेडात धरला. त्यावर पांढरे ठिपके होते. अंडी. हे ठिपके तिला माहीत होते. गोदामाच्या दारात नाकाला ओढणी लावून उभी असायची तेव्हा बाप आतून ओरडायचा, "याला ठिपका आहे, हे पोतं बाजूला," आणि ती ऐकायची. डाळमिलच्या घरात वाढलेल्या पोरीला डोळे झाकूनसुद्धा एवढं कळतंच.

संध्याकाळी आमचा फोन लागला तेव्हा शरणप्पा तिकिटाच्या चौकशीचं सांगणार होते. तिनं सांगू दिलं नाही. पांढऱ्या बशीत एक किडा ठेवला होता आणि ऋतुजाचा मोबाइल घेतला होता, त्याचा कॅमेरा चांगला. बशी अगदी जवळ आणली. या वेळी स्वच्छ दिसला. तपकिरी पाठ, वर फिकट डाग, आखूड, मागून कापल्यासारखा.

आम्ही तिघं वाकून बघत होतो. मला धान्यातलं काही कळत नाही. पण किशनरावांचा जन्म गेला बाजारात, त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हा तर आपला डाळीतला भुंगा."

शरणप्पा मोबाइलपासून मागे सरले.

"अप्पा," मंजू म्हणाली, "कुठून आलाय, ओळखा."

"तिथंही भुंगे असतील," शरणप्पा म्हणाले. आवाज त्यांचा नव्हता.

"असतील. हे आपल्या पिशवीतून निघालेत. घरच्या पोत्यातले. अव्वानं निवडलेले."

आतल्या दाराशी बांगड्या वाजल्या. नीलाबाई म्हणाल्या, "पण तू तर खात होतीस की. एवढे किडे व्हायला मूग राहिले कुठून?"

मंजूनं बशी खाली ठेवली. तिची खरी चोरी पकडली ती आईनं. पण त्या वेळी आई चोरीसाठी थांबली नाही, ती तिथंच दारात बसली आणि एकच म्हणत राहिली, मी एकेक दाणा बघून घातला होता.

"डोळ्याला दिसत न्हाई ते," शरणप्पा म्हणाले. "शेतातनंच येतंय दाण्याच्या आत. इथं थंडीत निजून राहतंय." मग टोपी काढत, "त्या बाईचं पोतं पण गेलं का?"

"गेलं. गिऱ्हाइकांसमोर गेलं."

मला वाटलं, आता म्हणतील, जाऊ दे, तू ये, कोण बघतंय. मी असतो तर तेच म्हणालो असतो. पण डाळीच्या व्यापाऱ्याचं डोकं वेगळं चालतं. शरणप्पांनी टोपी घातली.

"मंजू, ऐक. आपला माल कुणाच्या दारात खराब निघाला तर आपण गाडी पाठवून परत आणतो. उदगीरच्या बाजारात माझं नाव त्याच्यावर आहे. आता तिथं माझी गाडी तूच. त्या बाईला सांग, माल आमचा होता. तिचं दुकान बिनकिड्याचं झाल्याशिवाय तिथून हलायचं न्हाई. मग ये, मी आडवं येणार न्हाई."

"अप्पा, मला शिसारी येतेय. मी हात लावू शकत नाही."

"मला येत न्हाई वाटतंय का? चाळीस वर्षं येतेय. जेवताना पण येतेय." हे त्यांनी आम्हा कुणाला कधी सांगितलं नव्हतं. नीलाबाईंनासुद्धा नसावं, कारण त्या मान वर करून नवऱ्याकडे बघत राहिल्या. "पिशवी प्लास्टिकमध्ये घाल, दोन-दोन. आणि बर्फात ठेव. थंडीनं सगळं मरतंय, अंडीसुद्धा. औषध नको, तिथं खायचं दुकान आहे."

ती खाली गेली. काय बोलायचं याची इंग्रजीत उजळणी करून गेली होती, पण नानायसमोर पिशवी धरून नुसतं म्हणाली, "हे माझ्या घरून आलेत."

नानायनं पिशवीत डोकावलं आणि मागे सरली. मग कमरेवर हात ठेवले. "म्हणजे माझ्या घरात रोज किंचाळत होतीस, झुरळ झुरळ म्हणून. आणि पलंगाखाली तू हे पाळले होतेस."

मंजू सांगते, त्या क्षणी तिला उंदराच्या अळ्यासुद्धा बऱ्या वाटल्या असत्या.

बर्फाचं विचारलं. दुकानात मोठा फ्रीझर होता. नानायनं झाकण उघडलं आणि बाजूला झाली, बघ तुझं तू. आत माशांची डोकी, डोळ्यांसकट, एकमेकांना चिकटलेली. डुकराचे पाय, खुरांसकट, केस भाजलेले पण मुळं राहिलेली. तळाला रक्ताचा गुलाबी बर्फ. ज्या पोरीनं मासळीच्या कढईपायी महिनोन्‌महिने पाव खाल्ला, तिला त्या पायांच्या मध्ये हात घालून जागा करायची होती. गळ्यातलं लिंग तिनं कुडत्याच्या आत आणखी खाली सारलं. तेवढंच केलं. मग नाकानं श्वास घेणं बंद केलं आणि दोन्ही हातांनी ते पाय सरकवले. एक पाय बर्फातून सुटताना कडकन वाजला. पुढे कितीतरी दिवस, म्हणाली, बोटं मोडली की तोच आवाज ऐकू यायचा.

आधी स्वतःची पिशवी, मग नानायचं पोतं, थोडं थोडं करून. गोठवून बाहेर काढलेलं केरात. मग दुकानाच्या फळ्या, बरण्यांची तोंडं, वरच्या फटी, पलंगाचे सांधे, सगळं सुईनं कोरून काढलं. कोरताना फटीत सापडलेलं ती मला सांगायला लागली होती, पण आम्ही त्या वेळी भजी खात होतो म्हणून मी हात जोडले. भुंगे झाडून काढले, कागदानं उचलले, चिरडले. लिंग गळ्यात आणि हातानं जीव घेतले. ऋतुजा मदतीला होती, पण दुकानात हात मंजूनंच लावायचा अशी तिनं स्वतःच अट घालून घेतली. रविवार आला आणि गेला, नानायनं खोलीचं नाव काढलं नाही. मंजूनंही तिकिटाचं नाव काढलं नाही. परीक्षेची पुस्तकं सामानातून परत बाहेर आली, कारण काम संपेपर्यंत तिथंच राहायचं, तर रात्री दुसरं करायचं काय.

शेवटी नानाय टॉर्च घेऊन तपासायला वर आली. पलंग उलटा केला. बरण्या हुंगल्या. गादीची शिवण दाबून बघितली. मग म्हणाली, "परीक्षा होईपर्यंत राहा. एक जरी दिसला तर बाहेर."

"आणि दिसला नाही तर?" मंजूनं विचारलं.

"तर भाडं वेळेवर दे."

तेवढ्या बोलीवर मंजू तिसऱ्या वर्षाला पोचली. सुट्टीत उदगीरला आली होती तेव्हा गादीवर बसून हे सगळं तिनं सांगितलं, हात पुन्हा पुन्हा ओढणीला पुसत. मी माझ्या स्वभावाप्रमाणे म्हणालो, "म्हणजे आता किळस गेली तर. पुढल्या वर्षी बेडूक कापायला नाहीतर काही मोठं कापायला मोकळी."

"कुणी सांगितलं गेली म्हणून?" ती म्हणाली. "माणूस कापला की काका, सुट्टीच्या आधीच. मुडदा. त्याच्या कानात मुंगी होती. मी बाहेर जाऊन ओकले आणि परत आत गेले. सर म्हणाले, तू रोज ओकतेस, तुला सवय होणार नाही का? मी म्हणाले, नाही होणार. पण मी रोज परत येते, तेवढं बघा."

मग तुला डॉक्टर व्हायचंय तरी कशाला, असं मी विचारणार होतो. पण तिनं ताटलीतलं भजं उचललं, उलटंसुलटं करून बघितलं आणि माझ्याकडे परत सरकवलं. म्हणाली, "याच्यात केस आहे. तुमचाच असेल." मी बघितलं. होता.